मुलांसाठी एक वार धरा: बेळगाव सीमाभागात एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांबरोबर काम करू पाहणाऱ्यांसाठी

आपल्याकडं घरोघरी कुणी ना कुणी वार धरलेला असतो. कुणाचा सोमवार, कुणाचा दत्ताचा गुरुवार, कुणाचा यल्लम्माचा मंगळवार. घरात पाहुणे असोत, लग्नकार्य असो, जुलैतला पाऊस चार दिवस थांबलेला नसो, वार मोडत नाही. आईवडील गेलेल्या किंवा नातेवाइकांनी टाकून दिलेल्या, एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांबरोबर काम करायचंय असं कुणी म्हणालं की मी आधी एवढंच विचारते: तुम्ही कुठला वार धरणार?

मी बेळगावातल्या शहापूरची. गेली नऊ वर्षं दर शनिवारी दुपारी अशा मुलांकडं जाते, मुलं मला मावशी म्हणतात. या काळात मोठ्या उत्साहानं आलेली आणि तिसऱ्या खेपेनंतर दिसेनाशी झालेली बरीच माणसं पाहिली. ती मनानं चांगली होती. त्यांना आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

पहिली पायरी: घरी बसून हिशेब

वर्षभर, दर आठवड्याला, नक्की किती वेळ देता येईल ते कागदावर लिहा. दोन तास पुष्कळ झाले, पण तेच दोन तास, त्याच वारी. या मुलांच्या आयुष्यातून माणसं एकामागून एक निघून गेलेली असतात. आधी बाप, मग आई, मग दोन वर्षं सांभाळून शेवटी फाटकाशी सोडून गेलेली आजी. ‘पुढच्या आठवड्यात येतो’ म्हणून न आलेला माणूस त्या यादीत आणखी एक नाव होतो. मोठ्या माणसाला याचं काही वाटत नाही, मुलगा मात्र मनात नोंद ठेवतो.

वर्षाची खात्री देता येत नसेल तर तसं सरळ सांगा आणि दुसरं काम घ्या. हिशेब लिहिणं, सरकारी अर्ज भरणं, मुलांना गाडीतून दवाखान्यात नेणं, धान्य गोळा करणं, या सगळ्याला माणूस लागतो. संस्थांची ओढाताण नेमकी इथंच होते. मुलांशी प्रत्यक्ष नातं जोडणारं काम मात्र टिकणाऱ्यांनीच घ्यावं.

दुसरी पायरी: आजार समजून घ्या, आणि घरच्यांनाही समजवा

एचआयव्ही मिठी मारल्यानं, एका ताटात जेवल्यानं, लाळेनं, घामानं, डास चावल्यानं, एकच संडास वापरल्यानं पसरत नाही. या मुलांना तो बहुतेक करून आईकडून गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून आलेला असतो. आईला आणि बाळाला वेळेवर औषध मिळालं तर हा संसर्ग टाळता येतो. गरोदर बायकांची तपासणी आणि औषधं आता पोहोचतात, त्यामुळं माझ्या पाहण्यात तरी संस्थांमधून तान्ही बाळं कमी झाली आणि बारा-पंधरा-सतरा वर्षांची मुलंच जास्त दिसतात. काम बदललंय ते यामुळं. खेळणी घेऊन येणारे पुष्कळ आहेत. पीयूसीचा, म्हणजे अकरावी-बारावीचा, फॉर्म भरून देणारं, सोळा वर्षांच्या मुलीशी मोकळेपणानं बोलू शकणारं माणूस शोधावं लागतं.

आपल्या भागात हा आजार एवढा का पसरला, हेही माहीत असावं. देशात एचआयव्हीचं प्रमाण जास्त असलेली जी सहा राज्यं पूर्वी मोजली जात, त्यांत कर्नाटक आणि महाराष्ट्र ही दोन्ही होती आणि आपण त्यांच्या सांध्यावर राहतो. पुण्या-मुंबईहून बेंगळूरकडं जाणारा महामार्ग निपाणी-बेळगाववरून जातो. चिकोडी, अथणी, रायबागच्या उसाच्या पट्ट्यात तोडीला टोळ्या येतात-जातात. सौंदत्तीच्या डोंगराशी जोडलेली देवदासीची प्रथा कर्नाटकानं 1982 च्या कायद्यानं बंद केली, पण त्या प्रथेत सापडलेल्या बायकांची पोरं-नातवंडं आपल्यातच आहेत. सरकारी दवाखान्यातून मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी, औषधं मिळू लागली ती 1 एप्रिल 2004 पासून, आणि मुलांसाठीचा वेगळा कार्यक्रम 2006 च्या अखेरीस आला. तोवर कितीतरी घरं मोडली होती.

हे सगळं तुम्हाला कळावं म्हणून सांगितलं, मुलाला विचारण्यासाठी नव्हे. मुलाच्या तोंडून आईची गोष्ट कधीही काढू नका.

टाकून दिलेल्या तान्ह्या बाळाबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवा. आईची प्रतिद्रव्यं (अँटीबॉडी) बाळाच्या रक्तात बरेच महिने राहतात, म्हणून साधी रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे बाळाला संसर्ग झालाच असं ठरत नाही. सहा आठवड्यांपासून वेगळी पीसीआर तपासणी करता येते आणि शेवटचा निर्णय अठरा महिन्यांनंतर होतो. ‘पॉझिटिव्ह बाळ’ म्हणून घाईनं शिक्का मारू नका.

आता घरचे. तुमची आई म्हणेल, ‘आल्याबरोबर अंघोळ कर, कपडे वेगळे ठेव.’ भांडू नका. एकदा सिव्हिलमधल्या समुपदेशकांशी त्यांची गाठ घालून द्या. 1097 हा एचआयव्हीबद्दल माहिती देणारा मोफत फोन आहे, त्यावर त्यांनी स्वतः विचारलं तर उत्तम. माझ्या सासूबाईंना पटायला दीड वर्ष लागलं. पुढं दिवाळीचे लाडू त्याच बांधून द्यायच्या.

खबरदारी घ्यायची ती आपल्यामुळं मुलाला त्रास होऊ नये म्हणून. सर्दी-ताप असेल, घरात कांजिण्या किंवा गोवर असेल, तर त्या आठवड्यात जाऊ नका, फोन करून कळवा. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर आधी थुंकी तपासून घ्या, कारण एचआयव्हीबरोबर जगणाऱ्याला सगळ्यात मोठा धोका टीबीचा असतो.

तिसरी पायरी: जागा नीट पारखा

अनाथ मुलांना ठेवणारी प्रत्येक संस्था बाल न्याय कायदा 2015 खाली नोंदवलेली असावी लागते. मूल तिथं बाल कल्याण समितीच्या आदेशानंच राहू शकतं. म्हणून भिडेखातर मागं राहू नका, ‘नोंदणीचं प्रमाणपत्र बघू शकतो का?’ असं विचारा. चांगल्या संस्थेला या प्रश्नाचा राग येत नाही. जिल्हा बाल संरक्षण घटकाच्या कचेरीत नोंदवलेल्या संस्थांची चौकशी करता येते. कचेरीचा कारभार कानडीत चालतो, म्हणून दोन नावं पाठ करून ठेवा: बाल कल्याण समिती म्हणजे ‘मक्कळ कल्याण समिती’, बाल संरक्षण घटक म्हणजे ‘मक्कळ रक्षणा घटक’.

बेळगावात महेश जाधवांनी उभं केलेलं महेश फाउंडेशन अशा मुलांसाठी काम करतं. सीमेपलीकडं पंढरपुरात मंगलताई शहांची ‘पालवी’ आणि लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटलेंचं ‘सेवालय’ मराठी वाचकांच्या ओळखीचं आहे. एकदा तरी अशी एखादी जागा, आधी परवानगी घेऊन, पाहून या.

संस्थेत जाणं हाच एक मार्ग आहे असं मात्र समजू नका. कायदासुद्धा संस्थेला शेवटचा पर्याय मानतो. आपल्याकडं कितीतरी मुलं आजी-आजोबांकडं, काकाकडं, नाहीतर थोरल्या बहिणीच्या आधारानं राहतात. रोजगाराला जाणाऱ्या आजीला महिन्यातून एकदा नातवाला घेऊन एआरटी सेंटरला जाणं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवणं. तिच्याबरोबर जाणं, केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्यमधल्या प्रायोजकत्व योजनेचा अर्ज भरून देणं ही कामं मुलाला घरातच ठेवतात. त्या योजनेत पात्र मुलाला महिन्याला 4,000 रुपये मिळतात. मूल सीमेपलीकडच्या गावातलं, चंदगड-गडहिंग्लजकडचं असेल, तर महाराष्ट्राची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला 2,250 रुपयांची. मूल कुठल्या राज्यात राहतं आणि कागद कुठले आहेत, हे आधी बघावं लागतं. आई कर्नाटकातली, बाप महाराष्ट्रातला, जन्माचा दाखला एका राज्यात आणि रेशनकार्ड दुसऱ्या, ही आपल्याकडची रोजची गोष्ट. एखाद्या कारकुनी डोक्याच्या स्वयंसेवकानं एकाच मुलाचे कागद सहा महिने धरून लावले तरी ते मोठं काम आहे.

जमिनीचंही बघा. आईबाप गेलेल्या मुलाच्या नावावर वारसा लागलाय का, उताऱ्यात कुणाचं नाव आहे, हे कुणी विचारतच नाही, आणि दहा वर्षांनी कळतं की शेत चुलत्याच्या नावावर झालंय. मृत्यूचे दोन्ही दाखले आणि उतारा एवढं जमवून संस्थेच्या हाती दिलंत तरी पुष्कळ. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा 2017 मध्ये झाला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. त्यात अशा मुलांच्या मालमत्तेच्या रक्षणासाठी बाल कल्याण समितीकडं जाण्याची तरतूद आहे. त्याच कायद्यानं बारा वर्षांवरच्या, घर सांभाळणाऱ्या समजूतदार थोरल्या भावंडाला धाकट्याचा पालक म्हणून शाळाप्रवेश, दवाखाना अशा कामांत उभं राहता येतं. शाळेतल्या हेडमास्तरांना हे बहुधा माहीत नसतं. कायद्याचा कागद जवळ ठेवा.

चौथी पायरी: कागदपत्रं आणि तुमची पडताळणी

पोलीस पडताळणी, ओळखपत्र, मुलांच्या सुरक्षिततेच्या नियमांवर सही, सगळं मागितलं जाईल. अपमान वाटून घेऊ नका. जिथं काहीच न विचारता तुम्हाला मुलांच्या खोलीत सोडतात, तिथून बाहेर पडलेलं बरं.

पाचवी पायरी: गुपित सांभाळणं

तुम्ही जिथं जाता ते रिक्षावाल्याला, शेजारणीला, व्हॉट्सअॅपवरच्या गटाला कसं सांगता? ‘एड्सच्या पोरांचा आश्रम’ हे शब्द तुमच्या तोंडून एकदा गेले की त्या रस्त्यानं शाळेला जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पाठीवर ते चिकटतात. मी ‘मुलांच्या शिकवणीला जाते’ एवढंच सांगते. खोटं तर नाहीच.

2017 चा कायदा सांगतो की कुणाची एचआयव्ही स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. शाळेला या कारणानं प्रवेश नाकारता येत नाही. बाल न्याय कायद्याचं 74 वं कलम अशा मुलांचं नाव, फोटो, पत्ता, शाळा असं ओळख पटवणारं काहीही छापायला मनाई करतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तोंडाला काळी पट्टी लावून टाकलेला फोटोसुद्धा मित्राला ओळखू येतो. म्हणून फोटो काढूच नका. पाठमोरा नको, हाताचा नको, ठिकाणाची खूण तर नकोच.

वाढदिवसाबद्दल थोडं कडक बोलते. आपल्या मुलाचा वाढदिवस ‘आश्रमात’ करायची पद्धत बेळगावात फार वाढली आहे. पन्नास माणसं येतात, केक कापतात, मुलांना रांगेत बसवून जिलेबी वाढतात, फोटो काढतात आणि निघून जातात. एका वर्षी श्रावणात लागोपाठ तीन रविवार असे गेले. चौथ्या रविवारी एक नऊ वर्षांची मुलगी मला म्हणाली, ‘मावशी, आज कुणासाठी टाळ्या वाजवायच्या?’ तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, वाढदिवस घरीच करा आणि त्याचे पैसे संस्थेच्या खात्यात भरून पावती घ्या. द्यायचंच असेल तर आधी विचारा. अंडी, शेंगदाणे, डाळी, अंघोळीचे साबण, मुलींचे पॅड यांची गरज कायम असते. लग्नात उरलेलं जेवण रात्री अकराला आणून देऊ नका. ज्या मुलाची प्रतिकारशक्ती कमी असेल त्याला साध्या शिळ्या भातानं दवाखाना दिसतो.

सहावी पायरी: पहिले काही आठवडे

साध्या कपड्यांत जा. पहिले दोन-तीन वार काही करू नका, बसा. भाजी निवडा, वह्यांना कव्हर घाला, कॅरम खेळा. मुलं स्वतःहून जवळ येतात. मावशी, काका, अक्का, अण्णा यांतलं काय म्हणायचं ते त्यांनाच ठरवू द्या.

विचारायचे नाहीत असे प्रश्न मी एका कागदावर लिहून नव्या माणसाच्या हातात देते. आईबाबा कुठं असतात? तू इथं कसा आलास? घरी कोण येतं तुला भेटायला? आणि हाही: ‘सातवीत? एवढासा दिसतोस!’ आजारामुळं या मुलांची वाढ मागं राहिलेली असू शकते. चौदा वर्षांचा मुलगा दहाचा दिसतो आणि त्याला ते रोज ऐकावं लागतं.

भाषेची तयारी करून जा. गोकाक, अथणी, सौंदत्ती, बैलहोंगलकडची मुलं कानडी बोलतात. खानापूर, निपाणीकडची मराठी. चार दिवसांत दोन्ही मिसळून त्यांची एक तिसरीच भाषा होते. तुम्हाला कानडी येत नसेल तर निदान एवढं शिका: ‘ऊटा आयता?’ म्हणजे जेवण झालं का, ‘बा’ म्हणजे ये, ‘हेदरब्याड’ म्हणजे भिऊ नको, ‘गुळिगी’ म्हणजे गोळी. ‘एल्ली ब्यानी?’ म्हणजे कुठं दुखतंय, हे तर पहिल्याच दिवशी यायला हवं. चुकलात की मुलं हसतात आणि दुरुस्त करतात, त्यातून ओळख लवकर होते. सीमाप्रश्नावर तुमची मतं काहीही असोत, ती फाटकाबाहेर ठेवा. आजारी मुलानं आईला हाक कुठल्या भाषेत मारावी हे आपण ठरवायचं नाही.

अभ्यास घेणार असाल तर गणित धरा. ते कुठल्याही भाषेत शिकवता येतं आणि आजारपणामुळं महिनोन् महिने शाळा बुडालेल्या मुलांचं तेच सर्वांत कच्चं असतं. पाचवीतल्या मुलाला वजाबाकीचा हातचा येत नसेल तर तिथूनच सुरू करा, वर्गाचा अभ्यासक्रम बाजूला ठेवून.

खेळताना गुडघा फुटतो, नाकातून रक्त येतं. हातमोजे घाला, स्वच्छ कापडानं दाबून धरा, नंतर हात साबणानं धुवा. हा नियम सगळ्याच मुलांसाठी सारखा ठेवा, मग कुणाला वेगळं वाटत नाही. तुमच्याच ताज्या जखमेवर किंवा डोळ्यात रक्त गेलं तर ती जागा पाण्यानं धुवून लगेच सिव्हिलला जा. तिथं प्रतिबंधक औषध मिळतं. ते जितक्या लवकर, आणि जास्तीत जास्त 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायचं असतं. इतक्या वर्षांत माझ्यावर अशी वेळ आलेली नाही, पण माहीत असलं की हात थरथरत नाही.

गोळ्या

हा भाग वेगळा लिहिते, कारण चूक इथंच होते. माझीही झाली.

एआरटीच्या गोळ्या आयुष्यभर, रोज, ठरल्या वेळी घ्यायच्या असतात. शंभरातल्या पंचाण्णव वेळा तरी न चुकता घेतल्या तरच विषाणू दबून राहतो. चुकत गेल्या तर विषाणू त्या औषधाला सरावतो आणि मग पुढच्या फळीची औषधं लागतात. पूर्वी सकाळ-संध्याकाळ मुठीभर गोळ्या असत, लहान मुलांच्या कडू सिरपसाठी धरपकड व्हायची. आता मोठ्या मुलांना बहुधा दिवसाला एकच गोळी असते आणि लहानांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या आल्या आहेत. औषध कसं चाललंय ते व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याच्या, तपासणीतून कळतं. सुरुवातीला सहाव्या आणि बाराव्या महिन्याला, पुढं वर्षातून एकदा.

तिसऱ्या वर्षी एका मुलाचं गणित तपासताना मी पट्टी घ्यायला त्याची कंपासपेटी उघडली. आत अकरा गोळ्या होत्या, कागदात गुंडाळलेल्या. मी घाबरले आणि सगळ्यांसमोर ओरडले, ‘हे काय केलंस?’ वॉर्डनताई आल्या, मुलं जमली. तो तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही. नंतर सेंटरमधल्या समुपदेशक बाईंनी त्याच्याकडून काढून घेतलं: शाळेतला एक मित्र संध्याकाळी अभ्यासाला येऊ लागला होता आणि गोळीची वेळ तीच होती. मित्रानं विचारू नये म्हणून गोळी तोंडात धरून तो बाहेर जायचा. डॉक्टरांना विचारून वेळ तासाभरानं पुढं ढकलली आणि प्रश्न संपला.

तेव्हा गोळी लपवलेली, टाकलेली दिसली तर तिथल्या तिथं काही बोलू नका. एकट्यात, शांतपणे, जबाबदार माणसाला सांगा. गोळी चुकण्यामागं बहुतेक वेळा काहीतरी कारण असतं: चव, मळमळ, लाज, किंवा ‘मी बरा आहे, मग गोळी कशाला’ ही शंका. तुमच्याकडं सोपवलेलं नसेल तर गोळ्यांना हात लावू नका. आणि स्वतःच्या मनानं टॉनिक, काढे, लोहाच्या-कॅल्शियमच्या गोळ्या आणू नका. डोल्युटेग्राव्हिर नावाचं आज सर्रास दिलं जाणारं औषध लोह-कॅल्शियमबरोबर चुकीच्या वेळी घेतलं तर अंगी नीट लागत नाही.

सेंटरच्या दिवशी सोबत जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. डबा, पाण्याची बाटली, एक गोष्टीचं पुस्तक आणि मुलाचं हिरवं पुस्तक, म्हणजे उपचाराची नोंदवही, घ्या. रांगेत ओळखीचं कुणी दिसलं तर मान खाली घालून बसा, तेही तसंच बसलेलं असतं. मूल दुसऱ्या गावी किंवा सीमेपलीकडं जाणार असेल तर सेंटरमधून बदलीचा कागद आणि पुरेशा गोळ्या आधीच घ्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत मिरजेच्या आत्याकडं गेलेल्या मुलाच्या गोळ्या मे महिन्यात संपल्या, हे आम्ही अनुभवलंय.

‘मावशी, मला गोळी कशाची?’

हा प्रश्न येतोच, बहुधा सातव्या-आठव्या वर्षी, आणि नेमका तुम्हालाच विचारला जातो. एचआयव्हीचं नाव घेऊन सांगणं तुमचं काम नाही. ते डॉक्टर, समुपदेशक आणि सांभाळणारी माणसं मिळून, वयानुसार, टप्प्याटप्प्यानं करतात. साधारण दहा-बारा वर्षांपर्यंत मुलाला पूर्ण कळलेलं असावं, असं धोरण असतं. पण खोटंही बोलू नका. ‘शक्तीची गोळी आहे’ म्हणालात तर दोन वर्षांनी खरं कळल्यावर ते मूल तुमच्यावर कधीच विश्वास ठेवणार नाही. मी म्हणते, ‘तुझ्या रक्तात एक जंतू आहे, त्याला झोपवून ठेवणारी ही गोळी. आणखी विचारायचं असेल तर आपण दोघं मिळून डॉक्टरताईंना विचारू.’ मग त्याच दिवशी संस्थेला कळवते की मूल विचारायला लागलंय.

पंधरा-सोळाच्या मुलांचे प्रश्न वेगळे. माझं लग्न होईल का? मला बाळ होईल? त्यांना खरं उत्तर मिळायला हवं. नियमित औषधानं व्हायरल लोड तपासणीत सापडणार नाही इतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर शारीरिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. उपचार घेणाऱ्या आईला निगेटिव्ह बाळ होऊ शकतं. हे ऐकल्यावर एका मुलीनं मला तीन वेळा ‘खरंच?’ असं विचारलं होतं. गोळी का घ्यायची, हे त्या मुलीला त्यानंतर पुन्हा सांगावं लागलं नाही.

अठरा पूर्ण झाली की बालगृह सुटतं. कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत पाठबळाची, आफ्टरकेअरची सोय आहे, पण ती आपोआप मिळत नाही. सोळाव्या वर्षापासूनच आधार, बँक खातं, जातीचा दाखला, एसएसएलसीचं (दहावीचं) गुणपत्रक, आणि एकट्यानं सेंटरला जाऊन गोळ्या आणायची सवय, हे सुरू करा. भात शिजवणं आणि बसचं वेळापत्रक बघणंही. तुम्ही दुकानदार किंवा कारखानदार असाल तर अशा मुलाला त्याच्या आजाराची चौकशी न करता काम द्या. तो तुम्हाला आजार सांगायला बांधील नाही.

काही वावगं दिसलं तर

मुलाला मारहाण, उपासमार, अंगचटीला येणं, असं काही दिसलं किंवा मुलानं सांगितलं तर ऐकून घ्या, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणं पोक्सो कायदा 2012 नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि कळवलं नाही तर शिक्षा आहे. 1098 या मुलांसाठीच्या मदतीच्या क्रमांकावर फोन करा किंवा बाल कल्याण समितीकडं जा. संस्थेची बदनामी होईल, चालकांनी एवढं चांगलं काम केलंय, असल्या विचारात एक दिवससुद्धा घालवू नका. रस्त्यावर, बसस्टँडवर, देवळाच्या आवारात टाकलेलं मूल सापडलं तरी हेच करा. त्याला घरी नेऊन ठेवू नका. 24 तासांच्या आत 1098, पोलीस किंवा समिती यांच्यापर्यंत ते पोहोचायला हवं.

निघायची वेळ आली तर

बदली होते, लग्न होतं, आईवडील आजारी पडतात. थांबावं लागलं तर थांबा, पण नाहीसे होऊ नका. तीन-चार आठवडे आधी मुलांना स्वतः सांगा, शेवटचा दिवस कुठला तेही सांगा. काही मुलं रागावतील, काही मुद्दाम तुमच्याकडं बघणार नाहीत. तरी उरलेले सगळे वार पाळा. ‘येत राहीन’ असं म्हणू नका. महिन्यातून एक पत्र खरोखर लिहिणार असाल तर तेवढंच कबूल करा.

आमच्याकडं जेवणाच्या खोलीत कालनिर्णय टांगलेलं आहे. त्यावर मुलं प्रत्येकाचा वार पेन्सिलीनं लिहितात: गणिताचे सर, शिवणाच्या अक्का, शनिवारी मावशी. तुम्ही पहिल्यांदा जाल तेव्हा स्वतःहून त्यावर नाव लिहू नका. महिना-दीड महिना सलग जा. कुणीतरी पेन्सिल घेऊन येईल आणि विचारेल, तुमचा वार कुठला?